शेवटच्या लोकलआधी

स्क्राइबचं शेवटचं गाणं मी कधीच ऐकलेलं नाही. लोअर परळच्या ब्लू फ्रॉगमध्ये पहिला बँड साडेनवाच्या सुमारास उभा राहायचा, दुसरा साडेदहाला, आणि ज्यांच्यासाठी तिकीट काढलेलं असायचं ते अकराच्या पुढे. त्यांचं तिसरं-चौथं गाणं रंगात आलं की गर्दीतले काही जण दाराकडे सरकू लागायचे. अंधारातही ते ओळखू यायचे. सॅक पाठीवरून पोटावर घेतलेली, एक हात खिशातल्या पासावर. ठाण्याचे, दिव्याचे, डोंबिवलीचे आणि आम्ही कल्याणकर. वांद्र्याची मंडळी तेव्हा आणखी एक बिअर मागवत असायची. करी रोडच्या फलाटावर पोचेपर्यंत कानांत शिट्टी वाजत राहायची, आणि पुढचा तासभर लेडीज डब्यात मी आणि एक पेंगणारा होमगार्ड. मुलगे शेजारच्या डब्यात. मग मोबाइलवर मेसेज यायचा, "शेवटी काय वाजवलं असेल गं?"

त्यामुळे 'अमुक बँडचा आवाज बदलला' असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, तू कुठे ऐकलास? किती वाजता? बसून की उभ्याने? आवाज बदलण्याची जी कारणं मुलाखतींत सांगितली जातात, म्हणजे प्रगल्भता, शोध, नवे प्रभाव वगैरे, ती खरी असतीलही. माझा भरवसा मात्र खोलीवर, गाडीच्या वेळेवर आणि विजेच्या बिलावर जास्त आहे.

स्क्राइब हा मुंबईचा हार्डकोअर बँड. 2005 साली सुरू झालेला. गळा विश्वेश कृष्णमूर्तीचा, गिटारवर अक्षय राजपुरोहित आणि प्रशांत शाह, बेसवर श्रीनिवास सुंदरराजन, ड्रमवर विरू कैथ. 'हॅव हार्ड, विल कोअर' ही सुरुवातीची छोटी रेकॉर्ड. मग 2008 मध्ये 'कन्फेक्ट', 2010 मध्ये 'मार्क ऑफ तेजा' आणि 2014 मध्ये 'हेल मोगॅम्बो'. नुसती नावं वाचली तरी या मंडळींचं काय होत गेलं याचा अंदाज येतो. कपाळावर आठी घेऊन आलेले लोक हळूहळू हसायला लागले.

हार्डकोअर म्हणजे पंकचा धाकटा, जास्त तापट भाऊ. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला आणि ऐंशीच्या सुरुवातीला वॉशिंग्टन आणि लॉस एंजेलिसच्या आसपास तो जन्मला. दीड मिनिटाचं गाणं, सोलो नाही, नखरे नाहीत, गाणारा आणि ऐकणारा यांच्यात उंच मंच नाही. वॉशिंग्टनचा मायनर थ्रेट 1980 ते 1983 एवढाच जगला आणि तेवढ्यात पुढच्या चाळीस वर्षांचं व्याकरण लिहून गेला. पुढे यात मेटलचं वजन मिसळलं आणि 'ब्रेकडाउन' आला. गाणं धावता धावता अचानक अर्ध्या वेगावर येतं, गिटार, बेस आणि ड्रम एकाच घावात पडतात आणि समोरची गर्दी गोल करून एकमेकांवर आदळते. विसर्जनाच्या मिरवणुकीत ताशा गप्प होऊन नुसता ढोल उरतो तेव्हा छातीत जे होतं, तेच. एक फरक सांगायला हवा. या गोलात कोणी पडला तर शेजारचा त्याला आधी उचलतो, मग पुन्हा ढकलतो. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मी तो मोडलेला पाहिला नाही. मिरवणुकीत पाहिला आहे.

ब्लू फ्रॉग होतं मथुरादास मिलच्या आवारात. माझे मामा त्याच परळमधल्या एका गिरणीत साचेखात्यात होते. 1982 च्या संपानंतर नोकरी गेली, चाळीतली खोली गेली आणि ते डोंबिवली पूर्वेला दीड खोलीत आले. तिथे त्यांच्यासारखे पुष्कळ होते. मागांच्या खडखडाटात वर्षं काढल्यामुळे ते मोठ्याने बोलायचे आणि समोरच्याच्या ओठांकडे बघून ऐकायचे. गिरणीच्या आवारात आता गाण्याचा कार्यक्रम होतो आणि आत जायला पाचशे रुपये लागतात, हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "कापूस काढला का सगळा? तो जळतो."

मामांच्या इमारतीतच वरच्या मजल्यावर एक ड्रमर राहायचा. म्हणजे तेव्हा ड्रमर नव्हता, उशीवर काठ्या मारणारा अकरावीतला मुलगा होता. डोंबिवलीच्या इमारतीत ड्रम वाजवणं म्हणजे सोसायटीच्या पुढच्या सभेचा विषय होणं. अंधेरी-वांद्र्याकडे ताशी भाड्याने मिळणाऱ्या जॅम रूम होत्या. आमच्याकडच्या मुलांनी शेवटी एमआयडीसीत एक गाळा शोधला. मालक प्लास्टिकचे डबे ओतायचा, आणि शुक्रवारी औद्योगिक सुट्टी असल्याने यंत्रं बंद. बाकी दिवशी संध्याकाळी शेजारच्या गाळ्यातली प्रेस चालू असायची, ती यांच्यापेक्षा मोठ्याने बोलायची. तक्रार कोण करणार?

तेव्हा भारनियमन होतं. मुंबई शहरात दिवे कधी जायचे नाहीत. भांडुप-मुलुंडपासून महावितरणचं राज्य सुरू झालं की मेणबत्त्या बाहेर यायच्या. गाळ्यात सराव चालू असताना वीज गेली की दोन गिटार आणि एक बेस क्षणात मुक्या व्हायच्या, गायकाचा माइक मरायचा आणि ड्रम तेवढे चालू राहायचे. अंधारात, घामात. दोन-तीन पावसाळे असे गेल्यावर त्या मुलांची गाणी ड्रमपासूनच सुरू व्हायला लागली. आधी ठेका पक्का करायचा, गिटार दिवे आल्यावर. एका महाविद्यालयाच्या स्पर्धेत त्यांना कोणीसं विचारलं की तुमच्या रचनेत तालवाद्य इतकं पुढे का आहे, यामागे काय भूमिका आहे? ड्रमर म्हणाला, "मंगळवार सोडून रोज संध्याकाळी तीन तास भूमिका असते." त्या बँडने एकही रेकॉर्ड काढली नाही. त्याचं नाव सांगून तरी काय करू.

स्पर्धा हा आमच्या बाजूच्या लोकांचा खरा रस्ता होता. बारमध्ये शिरायला वय लागतं. महाराष्ट्रात बिअरला एकवीस, कडक दारूला पंचवीस. अमेरिकेतल्या हार्डकोअरवाल्यांनी हा प्रश्न फार लवकर ओळखला होता. मायनर थ्रेटचा इयन मॅकाय पुढे फुगाझीत गेला तेव्हा त्या बँडने प्रवेश पाच डॉलरच्या आसपास ठेवला आणि कोणत्याही वयाच्या मुलाला आत घेतलं जाईल तिथेच वाजवायचा आग्रह धरला. आपल्याकडे ते काम कॉलेजच्या उत्सवांनी केलं. पवईच्या आयआयटीतल्या मूड इंडिगोची 'लाइव्हवायर' ही स्पर्धा मुंबईभरच्या बँडना ठाऊक असते, आणि आमच्या दृष्टीने तिचा मोठेपणा असा की ती कांजूरमार्गला उतरून गाठता येते. मध्य रेल्वेवर! दादरला गाडी बदलायची नाही, घाटकोपरहून 340 च्या बसमध्ये लटकत अंधेरी गाठायची नाही. धोबी तलावचं रंगभवन, जिथे इंडिपेन्डन्स रॉक महोत्सव वर्षानुवर्षं झाला, ते शेजारच्या रुग्णालयांमुळे आणि कॉलेजमुळे शांतता क्षेत्रात गेलं, त्यामुळे उघड्यावर रॉक ऐकण्याची हक्काची जागा आमच्या पिढीला मिळालीच नाही. उरलं काय, तर डिसेंबरातली पवई आणि मिनिटं मोजून मिळणारा मंच. मोजक्या मिनिटांत सगळं दाखवायचं म्हणजे गाणी दाट होणार, कोनाकोनाची होणार, एकात चार गाणी कोंबली जाणार. 2000 नंतरच्या मुंबईच्या जड संगीतात ठेका इतक्या वेळा का मोडतो, याला स्पर्धांची घड्याळंही थोडी जबाबदार आहेत असं मला वाटतं.

'कन्फेक्ट' मी मुख्यतः गाडीत ऐकली. सकाळची फास्ट, दिवा मागे पडलं की पारसिकचा बोगदा. ब्रिटिशांनी खोदलेला, सव्वा किलोमीटरहून लांब. गाडी आत शिरली की बाहेर पसरत जाणारा आवाज भिंतींवर आपटून सगळा डब्यात परत येतो, बायकांची भांडणं थांबतात, मोबाइल कटतो. त्या मिनिट-दीड मिनिटात हेडफोनमधलं काहीच धड ऐकू यायचं नाही, फक्त ड्रमचे घाव आणि विश्वेशची किंकाळी वर तरंगायची. ती रेकॉर्ड तशी ऐकण्यासाठीच केली असावी असं वाटायचं. ती चिडलेली आहे, तुटक आहे, कानाला कुठे टेकू देत नाही. तंत्र भन्नाट आणि चीड अस्सल. पण ती चीड बोस्टन किंवा न्यू जर्सीच्या मुलांकडून आणलेल्या शब्दांत बोलत होती. 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि फास्ट लोकल त्या बोगद्यातून जायच्या थांबल्या. आताच्या मुलांना 'कन्फेक्ट' कळवा-मुंब्र्याच्या उघड्यावर ऐकावी लागते. ती त्यांना वेगळी रेकॉर्ड वाटत असेल.

मग 2010 मध्ये 'मार्क ऑफ तेजा' आली. तेजा म्हणजे 'अंदाज अपना अपना'तला परेश रावळचा तेजा. 1994 ला थेटरात पडलेला आणि पुढे टीव्हीवर लावून लावून आमच्या पिढीच्या रक्तात गेलेला सिनेमा. हार्डकोअरच्या रेकॉर्डला असं नाव! एका गाण्यात ड्रॅक्युला, दुसऱ्याचं नाव 'जज ब्रेड', आणि एक तर चक्क 'आय लव्ह यू पाव भाजी'. संगीतही सैल झालं होतं. घाव तेच, पण मध्ये झोका आला, ठेक्यावर मान डोलवता येऊ लागली, मोडतोड करणाऱ्या तुकड्यांच्या अधेमधे मोकळी जागा आली. मंचावरचा विश्वेश दोन गाण्यांच्या मध्ये एखाद्या कॉलेजकट्ट्यावरच्या पोरासारखा वात्रटपणा करायचा आणि पुढच्याच क्षणी घशातून असा आवाज काढायचा की पुढच्या रांगेतले दोन पावलं मागे जायचे.

गाळ्यातल्या ड्रमरला हे अजिबात आवडलं नाही. तो म्हणाला, "विकले गेले." मी विचारलं, "कोणाला? पावभाजीवाल्याला?" तो म्हणाला, तसं नाही, हार्डकोअर ही गंभीर गोष्ट आहे, तिची चेष्टा झाली. हा वाद आम्ही डोंबिवलीच्या मधल्या पुलावर, गोपी टॉकीजच्या कोपऱ्यावर आणि पुढे त्याच्या लग्नातही घातला. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की हा बँड 'तेजा'मध्ये पहिल्यांदा स्वतःच्या घरातून बोलला. आम्ही सगळ्यांनी दुपारी शाळेतून आल्यावर मोगॅम्बो, गब्बर, तेजा, शाकाल यांच्याकडून दरारा म्हणजे काय ते शिकलो होतो. आमच्या डोक्यातला राक्षस शिंगांचा नव्हताच, तो सोनेरी केसांचा विग घालून गोलावर बोटं नाचवणारा अमरीश पुरी होता. अमेरिकेतल्या पोराने त्याच्या बापावर, चर्चवर, रेगनवर चिडावं. आम्ही कशावर चिडणार होतो? लोकलमधल्या चौथ्या सीटवर. पाणी येण्याच्या वेळेवर. आणि त्या चिडण्यात विनोद इतका मिसळलेला असतो की तो काढून टाकला तर आपलं काही उरतच नाही. स्क्राइबने तो काढला नाही, त्याला वाजवायला घेतलं. मला वाटतं हेच त्यांचं सगळ्यात धाडसाचं काम.

ड्रमरच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण त्याच्यासारखे लोक प्रत्येक गावात असतात आणि त्यांच्याशिवाय कुठलाही बँड टिकत नाही. कॅलिफोर्नियाच्या ब्लॅक फ्लॅगची गोष्ट त्याला पाठ होती. हार्डकोअरचं मूळ पीठच ते. 1984 मध्ये त्यांची 'माय वॉर' आली. पहिली बाजू वेगवान, ओळखीची. तबकडी उलटली की दुसऱ्या बाजूला तीनच गाणी, प्रत्येक सहा मिनिटांच्या वर, चिखलात पाय रुतल्यासारखी संथ. चाहते खवळले. ड्रमर सांगायचा, बघ, तेव्हाही लोकांनी खपवून घेतलं नाही. मी त्याला आधीची दोन वर्षं आठवून द्यायची. युनिकॉर्न नावाच्या कंपनीशी खटला चालू होता आणि न्यायालयाच्या मनाईमुळे त्यांना स्वतःच्या नावाने रेकॉर्ड काढता येत नव्हती. रेकॉर्ड नाही म्हणून सराव, दिवसचे दिवस सराव. इतका वेळ एका खोलीत कोंडल्यावर माणूस वेगाला कंटाळणारच! कंपनी दिवाळखोरीत गेली, मनाई संपली आणि जे बाहेर पडलं ते संथ होतं. त्याच दुसऱ्या बाजूपासून पुढे जड, रेंगाळणाऱ्या मेटलची एक अख्खी शाखा निघाली. आणि खोलीचीच गोष्ट काढायची तर स्वीडनच्या उमेओ गावातला रिफ्यूज्ड घ्या. 1998 च्या 'द शेप ऑफ पंक टू कम'मध्ये त्यांनी हार्डकोअरमध्ये जॅझ, इलेक्ट्रॉनिक तुकडे, चेलो असं काय काय आणलं आणि त्याच वर्षी भांडून बँड मोडला. एवढे प्रयोग करायला वेळ लागतो, वेळेला जागा लागते. स्वीडनमध्ये अभ्यासमंडळांना सरकारी अनुदान मिळतं आणि त्यांच्यामार्फत पोरांच्या बँडना सरावाच्या खोल्या मिळतात. आमच्या महापालिकेने आम्हाला नाट्यगृहं दिली, आणि ती चांगलीच आहेत. पण तिथे ड्रम घेऊन गेलं तर व्यवस्थापक विचारतो, नाटक कुठलं?

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते माझ्या आईने. ती कल्याणात घरी गाणं शिकवते. दरवर्षी ठाण्याला महापालिकेचा पंडित राम मराठे स्मृती समारोह ऐकायला जाते, डबा घेऊन. एकदा तिने माझ्या कानातला एक हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. मला वाटलं आता बोलणी बसणार. ती मिनिटभर ऐकत राहिली आणि म्हणाली, "हा ओरडत नाहीये गं. ओरडणाऱ्याचा गळा दुसऱ्या दिवशी बसतो. याचा श्वास पोटातून येतोय." तिला ते बरोबर कळलं होतं. अशा गायनात खऱ्या स्वररज्जूंवर भार न टाकता त्यांच्या वरच्या घड्या थरथरवतात आणि खालून दमाचा आधार देतात. न्यू यॉर्कच्या मेलिसा क्रॉस या गायनशिक्षिकेने 2005 मध्ये यावर 'द झेन ऑफ स्क्रीमिंग' नावाची डीव्हीडीच काढली, आणि अर्धं जग तिच्यावरून शिकलं. आई पहाटे खर्ज लावते तो आणि हा यांत दम साठवण्याची रीत एकच. फक्त पुढे रस्ते फुटतात.

मी आईला 'कन्फेक्ट' आणि 'तेजा'चा वाद सांगितला. तिला तो नवा वाटला नाही. ती म्हणाली, "कुमारांच्या वेळी हेच." कुमार गंधर्वांना क्षय झाला, 1948 च्या सुमारास ते देवासला गेले आणि पाचेक वर्षं गाणं बंद होतं. अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीतं ऐकली. उठले तेव्हा एक फुप्फुस कामातून गेलेलं; लांब दमाच्या ताना त्या देहाला झेपणाऱ्या नव्हत्या. मग लहान लहान तुकडे, मध्ये शांतता, अचानक उसळलेला स्वर. काही जाणकारांनी तेव्हा नाकं मुरडली आणि काहींनी आजवर सरळ केलेली नाहीत. "आणि रामभाऊ मराठे?" आई पुढे म्हणाली. "मास्तर कृष्णराव, मिराशीबुवा, वामनराव सडोलीकर, जगन्नाथबुवा, विलायत हुसेन खाँ. किती जणांकडून घेतलं. ठाण्यात राहून ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर सगळं एका गळ्यात. त्यांना विचार घराणं कुठलं." मग स्वयंपाकघरातून ओरडून तिने एक पुरवणी जोडली. "पण तुमच्या त्या मुलाला सांग, पन्नाशीत हा दम राहत नाही. आत्ताच काहीतरी दुसरं बघून ठेव म्हणावं."

'हेल मोगॅम्बो' 2014 ची. त्यात 'कॅलेंडर खाना लाओ' नावाचं गाणं आहे; 'मिस्टर इंडिया'तला सतीश कौशिकचा तो आचारी. रेकॉर्ड चांगली आहे, अंगावर जास्त मांस आहे, वादनात आत्मविश्वासाचा एक आळसही आहे. मला 'तेजा' जास्त प्रिय. 'मोगॅम्बो'त विनोद आता अपेक्षित होता, आणि विनोदाला अपेक्षा मानवत नाही. त्याच वर्षी मुंबईच्याच भयानक मौतची 'मॅन' आली. 2003 पासूनचा बँड, नाव हिंदी भयपटाच्या पोस्टरवरून उचलल्यासारखं आणि रेकॉर्डची नावं 'मॅलिग्नंट', 'मेटास्टॅसिस' अशी कर्करोगाच्या वॉर्डातली. विनय वेंकटेश आणि सुनीत रेवणकर असे दोन गळे एकमेकांवर चढायचे. 'मॅन'मध्ये तेही वेगावरून उतरले होते, गाण्याला पसरू देत होते. दोन बँड, दोन वेगळ्या वाटा, पण एकाच सुमाराला दोघांनीही श्वास घेतला. मला यात कटही दिसत नाही आणि योगायोगही नाही. सगळे तिशीत आले होते. नोकऱ्या होत्या, हप्ते होते. स्क्राइबचा श्रीनिवास सुंदरराजन तर सिनेमे करत होता. 2010 चा 'द अनटायटल्ड कार्तिक कृष्णन प्रोजेक्ट' त्याने हौसेच्या तुटपुंज्या पैशांत उभा केला होता. महिन्यातून दोनदा सरावाला जमणाऱ्या पाच जणांकडून रोज जमणाऱ्या पाच जणांचं संगीत कसं येईल?

आणि जागा जात होत्या. जून 2014 मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली, अंधेरी आमच्यासाठी जवळ आली. ज्यांच्यासाठी जायचं त्यांच्या मैफली तोवर विरळ झालेल्या. 2016 च्या फेब्रुवारीत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान बंद झालं, त्याच वर्षी लोअर परळचं ब्लू फ्रॉगही. 2017 च्या डिसेंबरात शेजारच्या कमला मिलमध्ये आग लागली आणि चौदा जीव गेले. ती बातमी टीव्हीवर चालू असताना मामांनी मान हलवली, काही बोलले नाहीत. त्यानंतर परवाने, अग्निशमनाचे दाखले, बाउन्सर, आसनक्षमता. जे व्हायलाच हवं होतं ते झालं, आणि चाळीस लोकांसमोर वाजवणाऱ्या बँडला परवडेल अशी जागा आणखी महाग झाली. अजून बँड निघतात. पॅसिफिस्टसारखे नवे लोक याच शहरात हार्डकोअरला आणखी वेगळीकडे नेत आहेत. ते बहुतेक बारमध्ये वाजवतात, रात्री, अकराच्या पुढे.

गाळ्यातला ड्रमर आता ऐरोलीला एका आयटी कंपनीत आहे. त्याला एक मुलगी आहे. तिने इलेक्ट्रॉनिक ड्रम घेतलाय, हेडफोन लावून वाजवायचा. सोसायटीला ऐकू जातं ते फक्त पॅडवरचं टकटक, त्याचीही तक्रार आलेली आहे. तिचा चार मुलींचा बँड आहे. दोघी डोंबिवलीच्या, एक ठाण्याची, एक बदलापूरची. सराव रविवारी दुपारी, जी जागा मिळेल तिथे. वाजवायला बारमध्ये वय बसत नाही. कॉलेजचे उत्सव अजून दोन वर्षं लांब. तिला बाबांची जुनी गाणी ऐकवली तर ती म्हणते, हे सगळं एवढं घाईत का आहे? बाप उत्तर देत नाही. मी दिलं असतं, पण मंगळवार सोडून रोज संध्याकाळी तीन तास दिवे जाणं हे तिला कुठून समजावणार.

शेवटी सोसायटीच्या गणपतीत जागा मिळाली. पाचवा दिवस, अथर्वशीर्षाच्या आवर्तनांनंतर आणि लहान मुलांच्या वेशभूषा स्पर्धेच्या आधी, पंधरा मिनिटं, दहाच्या आत सगळं आटोपून. सेक्रेटरींनी विचारलं, "भक्तिगीतं आहेत ना?" ड्रमर म्हणाला, "त्यात देवाचं नाव नाही, पण दम सगळा पोटातून आहे." हे वाक्य त्याने माझ्या आईकडून उचललेलं. सेक्रेटरींनी वहीत 'वाद्यवृंद' असं लिहून घेतलं. परवा ती मुलगी आईकडे आली होती, गळ्यासाठी काय करायचं विचारायला; त्यांच्यातली गाणारी लाजते म्हणून हीच आली. आईने तिला खर्ज लावून दाखवला, कोमट पाणी सांगितलं, आणि पहिलं गाणं संथ घ्या म्हणाली, कारण आरतीनंतर लोकांना बसायला खुर्च्या मिळेपर्यंत पाच मिनिटं जातात. मुलगी म्हणाली, आमच्याकडे संथ गाणंच नाही. आई म्हणाली, "मग पाच दिवस आहेत, बसवा एक."